एक तांब्या विसण

त्या घळीची आठवण आली की मला आधी वाफ दिसते. मग वाफेमागचा काळा कडा, कड्याखालची संथ नदी, आणि काठावरच्या एका खडकावर स्वेटर, मफलर नि दुहेरी मोजे घालून बसलेली माझी आई. मानपान चुकल्यावर वरमाय बसते तशी ती पाण्याकडे पाठ करून बसली आहे. हे सगळं मी खरंच पाहिलं की गाडीत डुलकी लागली तेव्हा स्वप्नात पाहिलं, असा मला अजूनही अधूनमधून संशय येतो. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "स्वप्न कसलं? माझ्या बुटात गेलेला चिखल अजून निघतोय."

आम्ही तिकडे गेलो होतो ते दिवाळी टाळायला. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे यंदा आमच्याकडे सण नव्हता. पण इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत, आमच्या इमारतीच्या बाल्कन्यांत दिवाळीच्या आठवड्यात इतके आकाशकंदील लागतात की पडदा सरकवला तर आपण पुण्यातच आहोत असं वाटावं. रोज कुणाकडे तरी फराळ, लिफ्टमध्ये परकर-पोलक्यातल्या मुली, जिन्यात मोती साबणाचा वास. त्यात आमची एकच बाल्कनी काळोखी. "आई, आपण चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ," मी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाबा होते तोवर ही बाई कधीही, कुणीही म्हणेल तसं वागली नव्हती.

ठिकाण मी निवडलं होतं आणि त्यामागे माझा एक कावा होता. तो समजायला आमच्या मिरजेच्या घरातली सकाळ सांगायला हवी.

आंघोळीचं पाणी तापवणं हे बाबांचं काम. खरं तर घरातलं तेवढंच एक काम त्यांचं होतं, बाकी इकडची काडी तिकडे ते करत नसत. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी नोकरी झाली होती आणि "पाण्यातलं मला कळतं" असं ते येता-जाता म्हणत. मागच्या दारी तांब्याचा बंब होता. पुढे घरोघरी गीझर आले तरी आमचा बंब सुटला नाही. पहाटे उठून करवंट्या, शेंगांची टरफलं आणि वर्तमानपत्राचे बोळे घालून ते बंब पेटवत, डोळे चोळत, खोकत. पहिली बादली आईची. न्हाणीघरात नळ नव्हता, बाहेर हौद होता. बंबाचं कढत पाणी बादलीत काढायचं, हौदातलं गार पाणी अंदाजानं त्यात मिसळायचं, म्हणजे विसण घालायचं, बोट बुडवून बघायचं, बादली आत नेऊन ठेवायची आणि हाक द्यायची, "पाणी काढलंय गं!" माझी झोप रोज त्या हाकेनं मोडायची.

प्रेम हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. कुणी उच्चारला असता तर बाकीचे दचकून पंचांग बघायला गेले असते. पण मी मोठी झाल्यावर मनाशी ठरवून टाकलं होतं, की प्रेम म्हणजे बाबांनी आईसाठी काढलेलं पाणी. ना जास्त गरम, ना जास्त गार, अगदी तिच्या अंगाला हवं तसं. हे मी मैत्रिणींना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, लग्न ठरल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो नागपूरचा. तो म्हणाला, "आमच्याकडे उन्हाळ्यात नळालाच कढत पाणी येतं यार. म्हणजे नगरपालिकेचं किती प्रेम!"

बाबा गेले, मी आईला इकडे घेऊन आले, आणि आई गार पाण्यानं आंघोळ करायला लागली.

आधी मला कळलंच नाही. टबात बसायचं तिला जमणार नाही म्हणून मी बादली आणली होती. तांब्या तिनंच मिरजेहून आणला होता, बंबाच्या जोडीचा, काठाला पोचा आलेला. एकदा ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडलेले दिसले. बेलव्ह्यूचं नळाचं गार पाणी म्हणजे हातमोजे घालून भाजी धुवावी असं. मी विचारलं, "व्रत आहे का काही?" "नाही गं." "मग?" "बरं वाटतं." बरं कुठलं वाटतंय, खोकला लागला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि माझ्याकडे बघून सांगितलं की हिला थंडी बाधू देऊ नका, या वयात न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. हिवाळा तोंडावर आला होता. मला रात्री तिच्या खोलीतला खोकला ऐकू यायचा आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. बाबांना जाताना आठवडासुद्धा लागला नव्हता. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती.

आता माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मी कामाला लागते. मी सॉफ्टवेअर तपासते. इतरांच्या चुका शोधायच्या, हेच माझं काम. मी दही लावायचा थर्मामीटर बाथरूममध्ये नेला आणि रोज सकाळी आईसाठी बादली भरून ठेवायला लागले. अगदी बरोबर पाणी. ती आत जायची, माझी बादली बाजूला सरकवायची आणि नळाखाली तांब्या धरायची. दाराबाहेर मला तिचे दात वाजलेले ऐकू यायचे. माझी बादली तिथंच निवत बसायची. एका सकाळी मी ओरडले, "तुला मरायचंय का?" तिनं केस पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझं पाणी चांगलं असतं गं." आणि आत निघून गेली.

तर माझा कावा असा होता: नळाच्या गरम पाण्याशी तिचं वैर असेल, पण जमिनीतून आपणहून वर येणाऱ्या गरम पाण्याशी नसेल. गरम पाण्याचा झरा म्हणजे तीर्थ, आणि आईनं तीर्थाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. ओरेगनच्या आग्नेय कोपऱ्यात वाळवंट आहे, त्यात एक खोल घळ आहे आणि घळीत नदीकाठी दगड रचून केलेलं कुंड आहे, असं मी शोधून काढलं. नवऱ्यानं तिथं जाऊन आलेल्यांचे रिव्ह्यू वाचले आणि फोन माझ्यासमोर धरला. "इथे काही लोक विदाउट कपडे बसतात असं लिहिलंय. आईंना काय एक्स्प्लेन करणार आहेस?"

"नागा साधू आहेत म्हणून सांगीन," मी म्हटलं.

निघताना शेजारच्या काकू दारात आल्या. ज्या घरी सण नाही त्या घरी दुसऱ्यांनी फराळ द्यायचा, हे त्या इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही विसरल्या नव्हत्या. चिवड्याची पिशवी आणि चकल्यांचा डबा त्यांनी आईच्या मांडीवर ठेवला, तिच्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. तो डबा आई सबंध रस्ताभर मांडीवर धरून बसली होती.

रस्ता आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. डोंगर ओलांडला तसा पाऊस मागे राहिला, झाडं मागे राहिली, मग गावंही राहिली. राखी रंगाची खुरटी झुडपं आणि आकाश, एवढंच उरलं. हे वाळवंट वाळूचं नाही. दगडांचं आहे, उंचावरचं आहे, आणि इतकं रिकामं आहे की समोरून गाडी आली तर चालक हात हलवतो. आई प्रत्येकाला उलट हात हलवायची. मध्येच तिचा डोळा लागायचा, जागी झाली की बाहेर तेच दिसायचं, आणि ती विचारायची, "आपण थांबलोय का?" नवरा सांगायचा, "नाही आई, ऐंशीनं चाललोय." ती म्हणायची, "असं होय," आणि परत डोळे मिटायची. दुपार झाली की संध्याकाळ, मला सांगता आलं नसतं. माझं मन निवलं होतं. बऱ्याच दिवसांनी मी कशाचीही यादी करत नव्हते.

मुक्काम एका पेट्रोलपंपाच्या गावात केला. सकाळी निघालो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. ती नरकचतुर्दशीची सकाळ होती. गाडीत बसलेल्या तिघांनाही ते ठाऊक होतं आणि तिघेही हीटर, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या असलं काहीबाही बोलत होतो. या दिवशी बाबा अंधार असतानाच बंब पेटवत आणि आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कारीट ठेवी. मला डोळ्यांसमोर ती करवंट्यांची धग दिसत होती. आईला काय दिसत होतं कोण जाणे, ती काचेवर बोटानं वाफ पुसत होती.

मातीचा रस्ता संपला, गाडी ठेवली आणि आम्ही पायवाटेनं घळीत उतरायला लागलो. मी पुढे, मध्ये आई, मागे नवरा, तिच्या दोन्ही बाजूंना हात पसरून, जणू ती पडलीच तर झेलायची. दोन्ही अंगांना काळे कडे उंच होत गेले. मध्येच आई थांबली. तिनं हातमोजा काढला आणि कड्यावर तळवा टेकला.

"हा तर आपलाच दगड," ती म्हणाली.

खरंच तसा होता. काळा, खरखरीत, ठिकठिकाणी भोकं पडलेला, आमच्याकडे घाटात असतो तसा. इतक्या लांब येऊन आपलाच दगड भेटावा याचं आम्हाला बराच वेळ नवल वाटत राहिलं. खाली नदीकाठच्या झाडांची पानं पिवळी झाली होती आणि वारा नसतानाही एकेक गळत होती. एक कावळा ओरडला तर त्याचा आवाज समोरच्या कड्याला लागून परत आला. मग वळणावर वाफ दिसली. नदीच्या एका काठावरून वाफ उठत होती आणि सकाळच्या उजेडात जराशी गुलाबी झाली होती.

कुंड साधंच होतं. कड्याच्या पायथ्याशी एका भेगेतून गरम पाणी झिरपत होतं, शेवाळावरून घरंगळत होतं आणि दगडांच्या गोल बांधात साठत होतं. बांधाच्या नदीकडच्या बाजूला वीतभर फट ठेवलेली होती, तिच्यावर एक चपटा दगड. दगड सरकवला की नदीचं गार पाणी आत येई. पाण्यात एक म्हातारं अमेरिकन जोडपं बसलं होतं. दोघांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या आणि अंगावर, देवाच्या दयेनं, कपडे. नवऱ्यानं माझ्या कानात म्हटलं, "साधूंनी सुट्टी घेतलेली दिसते."

आम्ही दोघं उतरलो. मी आईला हाक मारली. तिनं कुंडाकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं.

"सगळे बसलेल्या पाण्यात? ही आंघोळ का भांडी विसळणं?"

"वाहतं पाणी आहे आई. तीर्थ आहे."

"तीर्थ पळीभर घेतात," ती म्हणाली आणि खडकावर जाऊन पाठ करून बसली. तेच ते दृश्य, मी सुरुवातीला सांगितलेलं. खोकला आला की तिची पाठ हलायची. मी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले होते आणि माझा कावा फसला होता. सगळे उपाय करून झाले होते. आता घरी गेल्यावर हिवाळा, ते निळे ओठ आणि तो खोकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाफेत ते कुणाला दिसणार?

तेवढ्यात त्या आजीबाई काहीतरी पुटपुटल्या. त्यांच्या हातांची बोटं संधिवातानं वाकलेली होती. आजोबांनी लगेच हात लांब करून चपटा दगड थोडा सरकवला. नदीचं पाणी आत आलं. "पुरे?" त्यांनी विचारलं. "अजून जरासं," आजीबाई म्हणाल्या. आजोबांनी दगड आणखी बोटभर सरकवला. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, आणि आईला इंग्रजी येत नाही. पण खडकावर बसलेली माझी आई वळली होती. ती त्या दगडाकडे बघत होती, म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत होती. बाबा गेल्यापासून तिनं कशाकडेही असं टक लावून पाहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विसण! तिला साधं गरम पाणी नकोच आहे, तिला बाबांचं पाणी हवंय. मग बाबांच्या हातचं पाणी मी इथं करीन, तिच्या डोळ्यांदेखत. म्हातारा-म्हातारी डोळे मिटून पडली होती. मी हळूच सरकले आणि तो चपटा दगड फटीवर ओढला. बंबाचं पाणी आधी कढत हवं, विसण मग. बारीक फटींतून गार पाणी येतच होतं, म्हणून मी तळाचे खडे घेऊन त्या बुजवल्या, वरून चिखल आणि शेवाळ थापलं. मी हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही.

पाणी तापायला लागलं. मला छान वाटलं. मग माझ्या पोटऱ्या चुरचुरल्या. मग माझा नवरा "अरे, अरे" करायला लागला. मग आजीबाई किंचाळल्या आणि त्या वाकलेल्या बोटांनी बांध धरून ज्या चपळाईनं बाहेर आल्या त्याला तोड नाही. पाठोपाठ आजोबा. पाठोपाठ माझा नवरा, तो थेट नदीत, बुटात एक पाय घालून. मीही उडी मारून बाहेर आले, आणि आम्ही चौघं उकडलेल्या बटाट्यांसारखे लालबुंद, थंडीत वाफाळत उभे राहिलो. गडबडीत मी थापलेला बांध कुणाच्याही हाताला सुटेना. आजोबा दगड ओढत होते, मी इंग्रजीत माफी मागत होते.

आणि मागून आवाज आला, "अगं, विसण! विसण घाल त्यात!"

आई हसत होती. मफलर घसरला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खो खो हसत होती. हसता हसता खोकत होती, खोकता खोकता हसत होती. मग ती उठली, पिशवीतून, प्रवासातही बरोबर घेतलेला तो पोचा आलेला तांब्या काढला, तरातरा नदीशी गेली, तांब्या भरला आणि आख्ख्या कुंडात तो एक तांब्या ओतला. म्हातारा बघत राहिला. तिनं दुसरा ओतला. तिसरा. मग तिलाच त्यातला वेडेपणा कळला. तिनं तांब्या खाली ठेवला, मोजे काढले, गाऊन खोचला आणि बांधाशी वाकून माझं शेवाळ उपसायला लागली. "एवढं लिंपलंयस कशाला? चूल आहे का ही?" चपटा दगड तिनं असा काही हलवला की नदी धावत आत आली. ती हात बुडवून बघायची, दगड ढकलायची, परत बघायची. "अजून. अजून थोडं. आता थांब." ती कुणाशी बोलत होती कुणास ठाऊक. तिचे पाय केव्हाच पाण्यात होते. मग गुडघे, मग गाऊन. मग ती खाली बसली. तिला कळलंही नसावं.

आम्ही काठावर वाफाळत उभे होतो. आजीबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांची नजरही आईवरून हलत नव्हती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "बाबांसारखं करायला गेले गं."

"तरीच एवढं कढत!" आई म्हणाली. "तुझ्या बाबांना विसणाचा अंदाज शेवटपर्यंत आला नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय? रोज कढत. हात घालवत नसे. मी आत गेल्यावर एक तांब्या गार त्यात ओतायची, मग अंगावर घ्यायची."

"रोज? आणि कधी सांगितलं नाहीस त्यांना?"

"कशाला? माणूस पहाटे उठून धुरात डोळे लाल करून घेतो. वर म्हणतो, पाण्यातलं मला कळतं. त्याला काय सांगायचं?" वाफ आमच्या मधून जात होती, तिचा चेहरा दिसे आणि पुसला जाई. "तुमच्याकडे नळाला बरोबर पाणी येतं. तूही बरोबर काढतेस, थर्मामीटर घालून. त्यात मला करायला काही उरतच नाही गं. पहिल्या दिवशी घेतलं ना अंगावर, आणि वाटलं, ते गेले. तसं गार पाण्यात वाटत नाही. थंडी वाजते, तेवढंच."

बाबांचं ते अगदी बरोबर पाणी मी किती जणांना सांगितलं होतं! पण माझा धंदाच असा, की गोष्टीत कुठे बारीकसं भोक दिसलं की तोंडातून प्रश्न निघतो. "आई, पण न्हाणीघरात नळ नव्हता. गार पाणी आणायला तू हौदावर यायचीस का?"

"छे. तांब्या असायचा की भरलेला. बादलीशेजारी."

"कोण भरून ठेवायचं?"

"कोण म्हणजे..." आई म्हणाली, आणि तिचं वाक्य तिथंच राहिलं.

नदीचा आवाज येत होता. एक पिवळं पान पाण्यावर उतरलं आणि गोल फिरत तिच्या हातापाशी आलं. ती त्याच्याकडे बघत होती. उभा संसार तिच्या डोळ्यांसमोरून जात असावा, पहाटेमागून पहाट, आणि प्रत्येक पहाटे बादलीशेजारी तो भरलेला तांब्या.

"लबाड माणूस," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे ठाऊक होतं तर."

मग ती रडली. बाबा गेले तेव्हा पाहुण्यारावळ्यांत रडली होती, पण हे तसं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडून घेतलं. रडून झाल्यावर तिनं ओंजळीनं तोंडावर पाणी घेतलं आणि ती मानेपर्यंत पाण्यात सरकली. वर फक्त तिचा चेहरा होता आणि तिचा खोकला थांबला होता. ऊन कड्यावरून खाली उतरत होतं. किती वेळ आम्ही तसे होतो मला खरंच माहीत नाही. आजोबा-आजी परत आत आली. नवरा नदीतून बूट शोधून घेऊन आला. आईनं चकल्यांचा डबा मागवला आणि सगळ्यांना पाण्यातच एकेक चकली दिली. आजीबाईंनी चकली दोन्ही हातांत धरून कौतुकानं फिरवून पाहिली. त्यांना आई मराठीत म्हणाली, "मोडून खा. तुमच्या दातांना कडक लागेल." त्यांनी मोडून खाल्ली.

घरी आलो तेव्हा दिवाळी उरकली होती, आकाशकंदील तेवढे लोंबत होते. दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर परत दह्याच्या भांड्याशी ठेवून दिला.

आता रोज सकाळी मी आईची बादली काढते. नळ गरमाच्या बाजूला लोटते, भाजणार नाही पण हात घालवणार नाही इतपत. विसण कमीच घालते. मग तो पोचा आलेला तांब्या गार पाण्यानं भरून बादलीशेजारी ठेवते आणि बाहेर येऊन हाक मारते, "पाणी काढलंय गं!" आई आत जाते. मी पॅसेजमध्ये टॉवेलांच्या घड्या घालत उभी राहते. टॉवेल आधीच घडी केलेले असतात. आतून आधी काही ऐकू येत नाही. मग आई नेहमीसारखी म्हणते, "अगं बाई, केवढं कढत हे!" आणि मग एक तांब्या गार पाणी बादलीत पडतं.